लाकडाखालची बाजू

मार्येता पोटोच्निक रायफल घेऊन आली
तेव्हा ती एका जुन्या शर्टात गुंडाळलेली होती.
शर्ट मोठ्या अंगाच्या माणसाचा, बाह्यांची गाठ मारलेली.
बाहेर कोचेव्येच्या जंगलावर फेब्रुवारीचा बर्फ,
आत माझ्या दुकानात तेलाचा तो वास
जो माझी बायको तीस वर्षं धुऊन काढते आहे.

"आजोबांची," ती म्हणाली. "सोचा नदीवरच्या लढाईतून आणलेली.
एकोणीसशे सतरा. पोलिसांच्या फॉर्मवर
साल हवं, गाव हवं. तुम्ही नुसतं लिहून द्या."

नुसतं लिहून देत नाही मी.
चाळीस वर्षं लोखंड वाचतोय.
ते माणसांपेक्षा कमी बोलतं, पण फिरवून बोलत नाही.

दोन स्क्रू. दुसरा हटून बसलेला,
त्याला थेंबभर तेल पाजलं, कॉफी होईस्तोवर थांबलो.
मग खपली सुटावी तशी
नळी लाकडातून उठली.

खालच्या बाजूला सगळं होतं, अंधारात, गंजाविना :
मुकुट, त्याखाली एन : बिनधुराच्या दारूला पुरून उरली.
मुकुट, त्याखाली जी : नळीत आटे आहेत.
मुकुट, त्याखाली यू : कुणीतरी उजेडात धरून हो म्हटलं.
आणि तांदळाएवढ्या आकड्यांत
तीन, टिंब, अडतीस.

"मार्च अडतीस," मी म्हणालो. "झूल. थुरिंगियातलं गाव,
तिथे न्हाव्यांपेक्षा बंदूकवाले जास्त."
तिने मनात वजाबाकी केली, ओठ हलले.
त्या लढाईच्या वेळी ही रायफल
अजून डोंगरात दगड होती.

खरं तर गावही एकच नाही.
बोल्ट नेकार नदीकाठचा, तयार विकत आणलेला,
अक्रोडाचं लाकूड कुठलं ते झाडालाच माहीत.
पण नळीला जिथे परीक्षा द्यावी लागली
ते तिचं गाव, असा आमच्या धंद्यातला रिवाज.

दस्त्याच्या पोटाशी चांदीची चकती,
जिथे मालक आपली अक्षरं कोरून घेतो.
ही गुळगुळीत. कानसेनं नव्हे,
राखेनं आणि चिंधीनं घासलेली, कित्येक संध्याकाळी.
पण कोरणाऱ्याची सुई धातूला खोलवर दाबते,
वरचं गेलं तरी आतल्याला विसरायला वेळ लागतो.
चकती तोंडाजवळ धरली आणि हाः केलं,
चष्मा पुसताना करतो तसं.

वाफेत दोन अक्षरं आली. जे. ई.
तीन श्वास थांबली. गेली.

"एपिख," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.
"वरच्या वाडीतले. जर्मन बोलायचे.
एक्केचाळीसच्या हिवाळ्यात अख्खी वाडी सामान बांधून गेली.
आता तिथे सफरचंदाची झाडं आहेत, आणि ती खायला येणारी अस्वलं."
मग बराच वेळ फक्त शेगडी बोलली.
"आजोबांनी हिने एक ससासुद्धा मारला नाही.
दर नोव्हेंबरला काढायचे, तेल द्यायचे, परत बांधायचे.
आम्ही म्हणायचो, लढाई आठवत असेल."

चोरलेली, विकत घेतलेली,
की येतो परत म्हणून कुणी हातात दिलेली,
याचा ठसा झूलमध्ये मारत नाहीत.
कुठेच मारत नाहीत.

फॉर्मवर मी लिहिलं : झूल, मार्च १९३८, आठ मिलिमीटर.
तारखेचा आठ जरा वाकडा आला, तसाच ठेवला.
मालकाचा रकाना तिचा होता.
पेन हातात धरून ती बसून राहिली,
मग पेन ठेवलं आणि शर्टाची गाठ सोडली,
कॉलरच्या आतून बोट फिरवलं,
उभी राहिली, शर्ट खांद्यांना लावून पाहिला.

गुडघ्यांपर्यंत आला.

"आजोबा," ती म्हणाली, "माझ्याएवढेच होते."